बाळ गार पडू नये म्हणून: प्रसूतीगृहातील सुधारणा आकड्यांवरून कशी पडताळावी

सरकारी रुग्णालयात आकड्यांची वाण नसते. प्रसूतीगृहाची नोंदवही असते, प्रत्येक मातेचा केस पेपर असतो, महिनाअखेरीस आरोग्य माहिती प्रणालीत भरायचा तक्ता असतो, २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ या रुग्णालय स्वच्छता योजनेची तपासणी सूची असते आणि डिसेंबर २०१७ पासून प्रसूतीगृहासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचे निर्देशकही असतात. तरीही ‘गेल्या तीन महिन्यांत आपल्या प्रसूतीगृहातली काळजी सुधारली का?’ असा साधा प्रश्न विचारला, तर बहुतेक ठिकाणी ठाम उत्तर मिळत नाही. हे सारे आकडे वर पाठवण्यासाठी गोळा केले जातात. ते काम करणाऱ्यांच्या हाती परत येतात तेव्हा उशीर झालेला असतो आणि महिन्याची सरासरी होऊन त्यांतले बारकावे पुसले गेलेले असतात. एखाद्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील चमूला स्वतःच्या उपयोगासाठी आकडे कसे जमवता येतील, ते कसे मांडता येतील आणि त्यांतून खरा बदल कसा ओळखता येईल, हे येथे एकाच प्रश्नाच्या आधाराने सांगितले आहे. तो प्रश्न म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या तासात गार पडणारी बाळे.

हा प्रश्न निवडण्यामागे कारण आहे. बाळ ओल्या अंगाने जन्माला येते आणि अंगावरचे पाणी उडून जाताना शरीरातली उष्णता झपाट्याने घेऊन जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. त्याखाली गेलेले बाळ ऊब टिकवण्यासाठी साखर आणि प्राणवायू खर्च करते, मलूल होते आणि नीट दूध ओढत नाही. कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना याचा धोका सर्वाधिक असतो. हे टाळण्याचे उपाय स्वस्त आहेत, सर्वांना माहीत आहेत आणि तरीही ते नेमाने घडत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झाल्याचे आढळले, पण जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या मुलांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. माता रुग्णालयात पोचली म्हणजे तिला आणि बाळाला पहिल्या तासाची काळजी मिळाली असे होत नाही, आणि गुणवत्ता सुधारणेचे काम नेमके या दोन आकड्यांमधल्या अंतरात करायचे असते.

आधी हेतू लिहून काढावा

‘नवजात बाळांची काळजी सुधारणे’ हा हेतू नव्हे, ती सदिच्छा आहे. हेतूच्या वाक्यात कोणाचे, काय, कितीवरून किती आणि केव्हापर्यंत या चारही गोष्टी याव्या लागतात. उदाहरणार्थ: ‘आपल्या प्रसूतीगृहात जन्मलेल्या आणि आईजवळ राहिलेल्या बाळांपैकी जन्मानंतर एका तासाने तापमान ३६.५ अंशांखाली असलेल्यांचे प्रमाण सहा महिन्यांत ४६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणणे.’ यातला ४६ हा आकडा अंदाजाने घालायचा नाही. तो आठ ते दहा आठवडे मोजल्यावर मिळतो, म्हणून हेतूचे वाक्य सुरुवातीला अपुरे राहिले तरी चालते. या लेखातील उदाहरणाचे आकडे रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत, हे येथेच स्पष्ट करतो.

‘आईजवळ राहिलेल्या’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत, पण त्यात एक धोका आहे. विशेष नवजात कक्षात लगेच हलवलेली बाळे बहुधा सर्वांत लहान आणि सर्वांत आजारी असतात. त्यांना गणतीतून वगळले की आकडा छान दिसू लागतो आणि ज्यांना ऊब सर्वाधिक हवी होती तीच बाळे नजरेआड होतात. म्हणून त्या कक्षात दाखल होतानाचे त्यांचे तापमान वेगळ्या आलेखावर ठेवावे. बाळे वगळायची असतील तर ती कोणती आणि का, हे लिहून ठेवावे.

काय मोजावे आणि किती

चांगली काळजी तीन अंगांनी तपासता येते, असे आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये मांडले: साधने आणि रचना, प्रत्यक्ष कृती आणि त्यांचा परिणाम. आपल्या कामासाठी परिणामाचे एक, कृतीची दोन किंवा तीन आणि दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारे एक-दोन मापन एवढे पुरे. सुरुवातीच्या उत्साहात वीस निर्देशकांची यादी तयार होते आणि महिन्याभरात रकाने रिकामे राहू लागतात. माझ्या मते पाचाच्या पुढे गेलेली यादी संशयाने पाहावी.

परिणामाचे मापन ठरलेच आहे: एका तासाने गार असलेल्या बाळांचे प्रमाण. कृतीची मापने निवडताना बाळाची ऊब नेमकी कोठे जाते, याचा माग काढावा. त्यासाठी चमूतील एकाने दोन-तीन बाळंतपणे नुसती पाहावीत आणि जन्मापासून तासाभरात बाळ कोठे कोठे गेले याचा क्रम घड्याळ लावून लिहावा. बसून चर्चा करण्यापेक्षा यातून अधिक कळते. वजनकाटा शेजारच्या खोलीत आहे आणि बाळाला तेथे न्यावे लागते, पुसलेला ओला टॉवेलच अंगावर राहतो, मातेला उकडते म्हणून पंखा चालू असतो, नातेवाइकांना दाखवायला बाळ बाहेर नेले जाते, अशा गोष्टी त्यातच दिसतात. त्यांवरून तीन मापने घेता येतील: जन्मताच आईच्या पोटावर उघड्या अंगाला अंग लावून ठेवलेल्या बाळांचे प्रमाण, पहिला तासभर तेथून न उचललेल्या बाळांचे प्रमाण आणि बाळंतपणाच्या वेळी खोलीचे तापमान २५ अंश किंवा अधिक असण्याचे प्रमाण.

दुष्परिणामांवरचे मापन बहुतेकदा राहून जाते. बाळाकडे लक्ष वाढले की मातेकडचे लक्ष कमी होऊ शकते. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देण्याचे प्रमाण घसरले, तर मातेचा रक्तस्राव वाढण्याचा धोका आपणच ओढवून घेतला असे होईल. म्हणून तेही मोजावे. ३७.५ अंशांवर गेलेली बाळेही मोजावीत, कारण वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, विसरलेले बाळ हेदेखील अपयशच आहे.

व्याख्या इतकी नेमकी असावी की वाद होऊ नये

‘एका तासाने तापमान’ याचा अर्थ तीन पाळ्यांतल्या तीन अधिपरिचारिका तीन प्रकारे लावू शकतात. त्यामुळे अर्ध्या पानात व्याख्या लिहून ती नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवावी: डिजिटल थर्मामीटर, कोरडी काख, बीप होईपर्यंत हात दाबून धरलेला, जन्मानंतर ५० ते ७० मिनिटांच्या दरम्यान, आकडा दशांशासह. नेहमीचा काचेचा ताप मोजायचा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली दाखवत नाही, त्यामुळे फार गार पडलेले बाळ त्यावर थोडेसेच गार दिसते. एकाच प्रसूतीगृहात एक थर्मामीटर सेल्सिअसचा आणि दुसरा फॅरनहाइटचा असणेही नवलाचे नाही. ३६.५ अंश सेल्सिअस म्हणजे ९७.७ अंश फॅरनहाइट, हे व्याख्येतच लिहावे आणि नोंद एकाच एककात करावी.

अपूर्णांकाचा अंश आणि छेद दोन्ही ठरवावे लागतात. छेदात ज्या बाळांचे तापमान मोजले तीच घ्यायची की जन्मलेली सर्व? मोजलेलीच घ्यावीत, पण त्याच आलेखाखाली ‘२२ पैकी १९ मोजली’ असे लिहावे. न मोजलेले बाळ ऊबदार होते असे गृहीत धरणे ही या कामातली सर्वांत सोयीची आणि सर्वांत घातक चूक आहे. मोजण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर आधी तेच सुधारावे. धांदलीच्या वेळी, म्हणजे बाळ गार पडण्याची शक्यता जास्त असते नेमक्या तेव्हाच, मोजणे राहून जाते.

नोंद कामाच्या ओघातच व्हावी

नवी नोंदवही उघडू नये. आहे त्या प्रसूती नोंदवहीच्या उजव्या बाजूला तीन-चार अरुंद रकाने आखून घ्यावेत: पोटावर ठेवले का, तासभर हलवले का, खोलीचे तापमान, बाळाचे एका तासाचे तापमान. काळजी देणाऱ्यानेच, तेथेच आणि तेव्हाच लिहावे. महिनाअखेरीस केस पेपर चाळून माहिती काढण्याची पद्धत टाळावी, कारण त्यातून काळजीपेक्षा लेखनाची गुणवत्ता मोजली जाते.

बाळंतपणे फार असतील तर सगळ्यांचे मोजण्याचा अट्टहास नको. दर पाचवे बाळंतपण घ्यावे, पण ते क्रमाने घ्यावे. ‘वेळ मिळेल तेव्हा’ निवडलेला नमुना दिवसपाळीतला आणि निवांत वेळेचा निघतो, आणि रात्री दोन वाजता काय घडते ते कळतच नाही.

नोंदी खऱ्या आहेत का, हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. महिन्याभराचे आकडे नजरेखालून घालावेत. ३६.६ आणि ३६.८ हेच दोन आकडे पुनःपुन्हा दिसले, किंवा एका पाळीतली सर्व तापमाने एकाच शाईत एका दमात लिहिल्यासारखी वाटली, तर ती पाळी संपताना भरलेली असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी संबंधितांना धारेवर धरू नये. प्रसूतीगृहात थर्मामीटर किती आहेत, ते चालतात का आणि त्या पाळीला किती जणी होत्या, हे आधी पाहावे.

आलेख काळाच्या क्रमाने

एवढे झाले की आलेख कागद भिंतीवर लावावा. संगणकावर एक्सेलमध्येही आलेख सुरेख निघतो, पण तो संगणकातच राहतो. भिंतीवरच्या कागदावर दर सोमवारी एक ठिपका देणारी अधिपरिचारिका तो आलेख आपला मानते. आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर प्रमाण घ्यावे, ठिपके रेषेने जोडावेत. त्याला रन चार्ट म्हणतात. आलेखावर कोणाही मातेचे, बाळाचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव येता कामा नये.

आठवडा घ्यावा की महिना? सहा महिन्यांत मासिक ठिपके सहाच मिळतात आणि सहा ठिपक्यांवरून काही सांगणे कठीण असते. साप्ताहिक ठिपके सव्वीस मिळतात. आठवड्याला दहापेक्षा कमी बाळंतपणे असतील, तर आठवडा सोडून लागोपाठच्या दहा-दहा बाळंतपणांचा एक ठिपका द्यावा.

पहिल्या दहा आठवड्यांत कामाच्या रीतीत मुद्दाम काही बदलू नये, फक्त मोजावे. समजा, आपल्या रुग्णालयात आठवड्याला १९ ते २५ बाळंतपणे होतात आणि गार पडलेल्या बाळांचे प्रमाण दहा आठवड्यांत अनुक्रमे ४१, ३५, ६०, ५२, ४०, ५९, ३३, ५०, ४७ आणि ४५ टक्के आले. हे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले की मधले दोन ४५ आणि ४७ येतात, म्हणून मध्यक ४६. या उंचीवर आडवी रेषा काढावी आणि ती उजवीकडे, पुढच्या आठवड्यांच्या कोऱ्या जागेतही वाढवून ठेवावी. पुढचे ठिपके याच रेषेशी ताडून पाहायचे असतात. दर आठवड्याला नव्याने मध्यक काढला तर रेषाच ठिपक्यांमागे सरकत जाते आणि बदल दिसेनासा होतो.

चढउतार आणि बदल यांतला फरक

या सगळ्या खटाटोपाचे मर्म येथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहावे.

वरच्या यादीत सहाव्या आठवड्यात ५९ टक्के आणि सातव्यात ३३ टक्के आहेत. एका आठवड्यात २६ अंकांची घट! समजा, सहाव्या आठवड्याच्या शेवटी वैद्यकीय अधीक्षकांनी बैठक घेऊन सर्वांना खडसावले असते. सातव्या आठवड्याचा आकडा पाहून त्यांची खात्री पटली असती की खडसावण्याचा उपयोग होतो. पण या काळात काहीही बदललेले नव्हते. आठव्या आठवड्यात आकडा आपोआप ५० वर गेला असता आणि अधीक्षकांनी म्हटले असते, ‘पाहा, चार दिवस दुर्लक्ष केले की पुन्हा तेच.’ वाईट आठवड्यानंतर बरा आठवडा येणे आणि बऱ्यानंतर वाईट येणे हा संख्यांचा स्वभाव आहे. दोन ठिपक्यांची तुलना करून कौतुक किंवा कानउघाडणी करणारी व्यवस्था या स्वभावालाच बक्षीस किंवा शिक्षा देत असते. आपल्याकडच्या मासिक आढावा बैठका बहुतांशी अशा दोन ठिपक्यांवरच चालतात, हे खेदाने नोंदवावे लागते.

चढउतार किती मोठे असू शकतात याचा अंदाज गणिताने येतो. प्रमाण खरोखर ४६ टक्क्यांवर स्थिर असेल आणि आठवड्याला २२ बाळे जन्मत असतील, तर केवळ योगायोगाने एखाद्या आठवड्याचा आकडा सुमारे १४ ते ७८ टक्के या पट्ट्यात कोठेही पडू शकतो. तीच तुलना १०० बाळांवर केली तर पट्टा सुमारे ३१ ते ६१ असा अरुंद होतो. ठिपक्यांसोबत अशा पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या सीमाही आखलेल्या आलेखाला नियंत्रण आलेख म्हणतात. ही कल्पना अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्युहार्ट यांनी टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्याच्या गुणवत्तेसाठी मे १९२४ मध्ये एका छोट्या टिपणात मांडली. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने श्युहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. आपल्या कारखान्यांनी ही रीत तेव्हापासून हाताळली. रुग्णालयांपर्यंत ती पोचायला फार उशीर लागला.

सुरुवातीला नियंत्रण आलेखाची गरज नाही. रन चार्टवर दोन साध्या नियमांनी बरेच काम होते. मध्यकाच्या एकाच बाजूला लागोपाठ सहा किंवा अधिक ठिपके आले तर पातळी सरकली असे मानावे. मध्यकावर नेमका बसलेला ठिपका मोजू नये, पण त्यामुळे साखळी तुटली असेही धरू नये. लागोपाठ पाच किंवा अधिक ठिपके सतत चढत किंवा सतत उतरत गेले तर कल आहे असे मानावे. सहाच का? प्रत्येक ठिपका मध्यकाच्या वर किंवा खाली पडण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून ठरावीक सहाही ठिपके खालीच पडण्याची शक्यता चौसष्टात एक एवढीच उरते. अर्थात ही शक्यता शून्य नाही आणि आलेख लांबत गेला की अशी एखादी साखळी कारणावाचूनही दिसू शकते. म्हणून नियमाने खूण दाखवली की ‘त्या सुमारास काय बदलले होते?’ हा प्रश्न विचारायचाच असतो.

आता उदाहरण पुढे नेऊ. अकराव्या आठवड्यापासून चमूने वजन करणे तासभर लांबवले आणि प्रत्येक बाळाला पोटावर ठेवण्यास सुरुवात केली. पुढचे आकडे ४३, ५७, ३८, २७, ४०, ३३, ३६ आणि २५ असे आले. बाराव्या आठवड्याचा ५७ पाहून काहींनी उपाय फसल्याचे सांगितले असते, आणि चौदाव्याचा २७ पाहून काहींनी पेढे वाटले असते. दोघेही घाईत असते. तेराव्यापासून अठराव्यापर्यंतचे सहाही ठिपके ४६ च्या खाली आहेत. अठराव्या आठवड्याला, त्यापूर्वी नव्हे, ‘पातळी खाली सरकली’ असे म्हणता येते. आलेखावर अकराव्या आठवड्याशी बाण काढून काय केले ते चार शब्दांत लिहिलेले असावे, म्हणजे महिन्यांनंतर पाहणाऱ्यालाही संगती लागते.

बदल लहान करून पाहावा

उपाय सुचला की परिपत्रक काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी एका पाळीत, एका अधिपरिचारिकेने, एका बाळंतपणात वजन लांबवून पाहावे आणि काय अडले ते विचारावे. कदाचित असे कळेल की टाके घालताना मातेच्या पोटावर बाळ ठेवायला डॉक्टरांची हरकत असते, किंवा माता थकून झोपते आणि बाळाचा श्वास पाहायला कोणी नसते. दुसरी अडचण गंभीर आहे, तिच्यावर तोड निघाल्याशिवाय उपाय पुढे नेऊ नये. जन्मसोबती म्हणून आलेल्या नातेवाईक स्त्रीला काय पाहायचे ते समजावून सांगणे हा एक मार्ग आहे. मग पाच बाळंतपणांत, मग एका पाळीत, मग सर्व पाळ्यांत. ठरवणे, करणे, तपासणे आणि सुधारून पुन्हा करणे हे चक्र गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावाने ओळखले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने दिल्लीच्या एम्सच्या सहकार्याने तयार केलेल्या प्रशिक्षणातही हीच रीत शिकवली जाते.

कृतीचा आणि परिणामाचा आलेख एकाखाली एक लावावा. पोटावर ठेवण्याचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले, पण गार बाळांचे प्रमाण हलले नाही, तर एक तर नोंद खरी नाही किंवा उपाय चुकीच्या जागी केला गेला आहे. बाळ पोटावर असूनही त्याच्या पाठीवरचा टॉवेल ओला असेल, तर रकान्यात ‘होय’ येईल आणि बाळ गारच राहील. उलट, कृती हलली नाही तरी परिणाम सुधारला, तर श्रेय घेण्याआधी बाहेरचे कारण शोधावे.

ऋतूचा चकवा

तापमानाच्या बाबतीत हे बाहेरचे कारण फार बलवान असते. नाशिक, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या रुग्णालयाने डिसेंबर-जानेवारीत पायाभूत मोजणी केली आणि फेब्रुवारीत उपाय सुरू केला, तर मार्चपर्यंत बाळे आपोआप ऊबदार होतील आणि आलेख नियमानुसार सुधारणेची खूण दाखवील. ती खूण खरी आहे; तिचे कारण मात्र उन्हाळा आहे. म्हणूनच खोलीच्या तापमानाचा रकाना आवश्यक ठरतो. खोलीचे तापमान २५ अंशांखाली असताना जन्मलेली बाळे आणि त्यावर असताना जन्मलेली बाळे असे दोन आलेख वेगळे काढले, की ऋतूचा वाटा बराचसा बाजूला काढता येतो. शक्य असेल तर निष्कर्षासाठी पुढच्या थंडीपर्यंत थांबावे. उन्हाळ्यातही निर्धास्त राहू नये. चालू पंख्याखाली ओले बाळ मे महिन्यातही गार पडते.

दिवस आणि रात्र, आठवड्याचे दिवस आणि रविवार, नैसर्गिक बाळंतपण आणि सिझेरियन असेही भाग करून पाहावेत. शस्त्रक्रियागृहातली वातानुकूलित हवा हे वेगळेच प्रकरण आहे आणि सिझेरियनची बाळे एकाच आलेखात मिसळली तर त्यांच्या संख्येतल्या चढउतारानेही रेषा वरखाली होते. पण एकदम सगळे भाग पाडू नयेत. प्रत्येक भागात बाळे कमी उरतात आणि चढउतार वाढतो.

घटना विरळ असेल तेव्हा

मातामृत्यू किंवा पूर्ण दिवसांच्या बाळाचा मृत्यू यांसारख्या घटना एका रुग्णालयात, सुदैवाने, विरळ असतात. त्यांचे मासिक टक्के काढले तर शून्य, शून्य, शून्य आणि मधूनच एक उंच सुळका असा आलेख मिळतो, ज्यातून काही कळत नाही. अशा वेळी दोन घटनांमध्ये किती बाळंतपणे सुखरूप झाली ती संख्या मांडावी. अंतर वाढत गेले तर सुधारणा. प्रत्येक घटनेची स्वतंत्र चिकित्सा तर व्हायलाच हवी, ती आलेखावर सोपवू नये.

याच्या उलट, घटना वारंवार घडत असेल आणि बदल प्रचंड असेल तर ठिपके थोडे असूनही पुरतात. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्यांच्या विभागातील मातामृत्यूचे प्रमाण एप्रिलमध्ये १८.३ टक्के होते, ते जूनमध्ये २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्के झाले. तरीही सहकाऱ्यांनी ते सहजी मानले नाही. आपल्या उदाहरणात बदल एवढा ठसठशीत नसतो, म्हणून ठिपक्यांची संख्या आणि धीर दोन्ही जास्त लागतात.

आकडा कोणासाठी आहे, हे आधी ठरवावे

संशोधनासाठी, जाब विचारण्यासाठी आणि सुधारणेसाठी केलेली मोजणी दिसायला सारखी असली तरी तिन्हींचे नियम वेगळे आहेत. संशोधनाला मोठा नमुना आणि काटेकोर आराखडा लागतो. जाब विचारणाऱ्याला सर्व रुग्णालयांत तुलना करता येईल असा एकसारखा आकडा लागतो. सुधारणेला थोडे, पुरेसे चांगले आणि वारंवार मिळणारे आकडे लागतात. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या प्रमाणपत्रासाठी गुण मोजणारा तपासनीस आणि सोमवारी ठिपका देणारी अधिपरिचारिका एकाच आलेखाकडे पाहू लागले, तर ठिपका सुधारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे थर्मामीटर न लावता ३६.७ लिहिणे हा ठरतो. म्हणून रुग्णालय प्रमुखाने पहिल्याच बैठकीत सांगावे की या आलेखावरून कोणालाही कारणे दाखवा नोटीस जाणार नाही, आणि तो शब्द पाळावा. एकदा जरी तो मोडला, तरी त्यानंतरचे आकडे वापरण्याजोगे राहत नाहीत.

आठवड्याची बैठक पंधरा मिनिटांची, उभ्याने, आलेखासमोर घ्यावी. परिसेविका, त्या पाळीच्या अधिपरिचारिका, वैद्यकीय अधिकारी आणि सफाई सेविका, कारण पंखा आणि टॉवेल हे बहुधा तिच्याच हाती असतात. चार प्रश्न पुरतात: ठिपका कोठे पडला, नियमाची खूण आहे का, या आठवड्यात वेगळे काय घडले, पुढच्या आठवड्यात काय करून पाहायचे. टॉवेल किंवा भिंतीवरचा खोली-तापमापक यांसारखी खरेदी लागली तर रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आलेखच न्यावा. मागणीचे समर्थन वेगळे लिहावे लागत नाही.

पातळी सरकल्यानंतर

सुधारणेची खूण मिळाली आणि पुढचे आठवडेही खालीच राहिले, तर नव्या पातळीचा मध्यक काढून नवी रेषा आखावी. जुनी पुसू नये. आपल्या उदाहरणात तेराव्या ते अठराव्या आठवड्याचा मध्यक ३४.५ येतो. म्हणजे २० टक्क्यांचा हेतू अजून लांब आहे आणि पुढचा उपाय, बहुधा खोलीच्या तापमानाचा, आता करून पाहायचा आहे. पाठोपाठ दोन उपाय करताना त्यांच्यात सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर कोणाचा किती उपयोग झाला ते सांगता येत नाही.

हेतू गाठल्यावर मोजणी एकदम थांबवू नये आणि त्याच जोराने चालवतही राहू नये. महिन्यातून एक आठवडा मोजावे, आणि सलग दोन महिने ठिपका नव्या मध्यकाच्या वर पडला तर पुन्हा साप्ताहिक मोजणी सुरू करावी. बदल्यांचा हंगाम येण्यापूर्वी व्याख्येचे अर्धे पान, आलेखाची मूळ प्रत आणि आतापर्यंत कोणते उपाय टिकले व कोणते सोडले याची यादी प्रभार देण्याघेण्याच्या कागदांत जोडावी, आणि नव्याने आलेल्या परिसेविकेने पहिल्या सोमवारचा ठिपका जुन्या परिसेविकेच्या उपस्थितीतच द्यावा.